सिस्टरांच्या जागी कोण बसणार?

ज्या दुकानात गिऱ्हाईक शेवटी हरणारच हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं, त्या दुकानदारानं गिऱ्हाइकाला चांगलं खेळायला का शिकवावं? वाचकहो, घाईनं उत्तर देऊ नका. मी त्या दुकानात काम केलं, ते शिकवण्याचं काम माझ्याकडेच होतं, आणि मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही.

दुकान म्हणजे पत्त्यांची एक वेबसाइट. मालक परदेशात, साहेब पुण्यात आणि आम्ही मराठी लिहिणारे वसमतला, हळदीच्या गोदामावरच्या दोन खोल्यांत. कीबोर्डच्या फटींत हळद बसायची. खेळाचं नाव ब्लॅकजॅक, म्हणजे आपल्या भाषेत एकवीस. वाटणारी तुम्हाला दोन पत्ते देते, स्वतः दोन घेते आणि त्यातला एक उघडा ठेवते. तुमची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ तितकं बरं. एकवीसच्या वर गेलात की फुटलात. चित्रं दहाची, एक्का एकाचा नाहीतर अकराचा. टेबलावर पाच-सहा जण बसलेले दिसतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. प्रत्येक जण एकटा वाटणारीशी पैसे लावून खेळत असतो. हे शेवटचं आमच्या जिल्ह्यात मला कुणालाही पटवता आलं नाही, पण ते पुढे येईल.

मी कुरुंद्याची. आमचा छोटा छापखाना आहे. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. हुंडा घेऊ नका, अंगात येणं हे ढोंग आहे, गावातलं दारूचं दुकान हटवा, असल्या ओल्या शाईच्या कागदांवर मी वाचायला शिकले. पत्रकाची भाषा मला अजून आवडते. तिच्यात 'कदाचित' नसतं. या लेखात त्याच्या जागी प्रश्नचिन्हं बरीच येतील, त्याला माझा इलाज नाही.

नोकरी लागली तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, यंत्र थांबवून विचारलं, "जुगार हाय का?"

"भाषांतर आहे, अप्पा."

"कशाचं?"

"पत्त्यांच्या खेळाचं."

"मंग जुगाराचं भाषांतर जुगारच की, बाई."

मी भांडले. म्हटलं, माणूस लुटला जातो तो न कळणाऱ्या भाषेत. कर्जाचे कागद इंग्रजीत, विम्याच्या अटी बारीक अक्षरात. नियम त्याच्या भाषेत स्वच्छ मांडले, तर त्याला लुटणं अवघड होईल.

अप्पा म्हणाले, "लुटनं अवघड झालं, तर तुला पगार कोन देईल?"

 पण तत्त्व माझ्या बाजूचं आहे असं वाटत होतं, म्हणून मी गेले.

गेल्या गेल्या दिसलं की साइट मराठीत आधीच होती, पण ते मराठी यंत्रानं केलेलं. पत्ता हवा असेल तर 'प्रहार करा'. नको असेल तर 'उभे राहा'. एकवीसच्या वर गेलात तर 'आपण दिवाळखोर झाला आहात'. माझा पहिला फोन नरसीहून आला. गंगाधरराव नावाचे गृहस्थ, देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं फुलं-प्रसादाचं दुकान.

"म्याडम, तुमी उभे राहा म्हनले. मी उभा राहिलो. समोर गिऱ्हाईक बघून राहिलंय. आता काय करू?"

"दादा, बसा."

"बसू? पन हितं बसायचं बटन न्हाई."

त्याच दिवशी मी सगळे शब्द बदलायला घेतले. 'प्रहार' गेला, 'अजून एक' आलं. 'उभे राहा'च्या जागी 'पुरे'. दहाला दश्शी, सहाला छक्की, पाचाला पंजी. पुण्याच्या किरण सरांना दश्शी फार गावठी वाटली. मी म्हटलं, सर, जो माणूस लहानपणापासून दश्शी पकडत आलाय त्याला 'दहा क्रमांकाचे पान' म्हणाल तर त्याला वाटेल आपण परीक्षेला बसलोय. शेवटी दश्शी राहिली. पडद्यावर जी परदेशी बाई पत्ते वाटायची, तिला मी फोनवरून 'राम राम' म्हणायला शिकवलं. ती 'लाम लाम' म्हणायची. गंगाधरराव खूश. प्रत्येक डावाआधी ते लिहायचे, 'राम राम ताई, जेवल्या का?'

आमच्या धंद्यात या सगळ्याला लोकलायझेशन म्हणतात, आणि ते कशासाठी करायचं तर रिटेन्शनसाठी. म्हणजे टिकवण्यासाठी. आमच्या ऑफिसात सकाळी एकच प्रश्न असायचा: काल आलेला माणूस आज आला का? तो किती हरला, किती जिंकला हे आम्हाला कुणी विचारायचं नाही.

मला मजा येत होती. आपल्या बोलीतला शब्द पडद्यावर बसला की अभिमान वाटायचा. तो अभिमान खोटा होता असं आजही म्हणवत नाही.

मग सरांनी सांगितलं, बेसिक स्ट्रॅटेजी मराठीत आणायची. हा एक तक्ता असतो. तुमच्याकडे अमुक बेरीज आणि वाटणारीचा उघडा पत्ता तमुक, तर काय करायचं, हे त्यात गणितानं ठरवलेलं असतं. त्यात शकुन नाही की बुवा नाही. बुवाबाजीविरुद्ध पत्रकं छापणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला तो आवडणारच. शिवाय गरज समोर दिसत होती. कळमनुरी भागातल्या एका तांड्यावरचा बळीराम नावाचा शेतकरी रोज खेळायचा, आणि त्याचा सगळा भरवसा गुलामावर होता. गुलाम आला की 'अजून एक', नाही आला की 'पुरे'. मी त्याला चॅटवर समजावलं, तर म्हणाला, "म्याडम, तुमाला गुलामाचा अनुभव न्हाई."

तक्त्यातल्या चौकटी कोण वाचणार? मी त्यांची वाक्यं केली. 'सतरा झाले, हात आवरा.' 'समोर छक्की, चुप्पी पक्की.' 'आठांची जोडी एका घरात नांदत नाही, फोडा.' (सारखी जोडी आली की ती फोडून दोन वेगळे डाव करता येतात.) 'दश्श्यांचा संसार मोडू नका.' 'सोळा तुमचे, दश्शी तिची, तर रडत रडत एक घ्या.' हे शेवटचं लोकांना पचायचं नाही. सोळावर पत्ता घेतला तर बहुतेक वेळा फुटतोच. पण नाही घेतला तर त्याहून जास्त वेळा हरतो. दोन वाईटांतलं कमी वाईट, एवढंच गणिताचं म्हणणं.

तक्त्यात एक विम्याचंही कलम आहे. वाटणारीचा उघडा पत्ता एक्का असला की साइट विचारते, विमा घेता का? म्हणजे तिचा झाकला पत्ता दहाचा निघेल यावर आणखी थोडे पैसे लावता का? तक्ता म्हणतो, पत्ते मोजत बसणारे नसाल तर कधीच लावू नका. मी लिहिलं, 'विमा विचारला तर हसून नाही म्हणा.' वाटलं, सर हे कापणार. आपल्याच दुकानातला माल घेऊ नका असं दुकानात कोण लिहू देईल? मी भांडायची तयारी करून बसले होते. सरांनी एक अक्षर कापलं नाही.

मी फोन करून विचारलं, "सर, यात आपलं नुकसान नाही का?"

"रेणुका, भराभर हरणारा माणूस काय करतो?"

"चिडतो. निघून जातो."

"आणि हळूहळू हरणारा?"

मी समोरच्या तक्त्याकडं पाहिलं.

"तो म्हणतो, खेळ चांगला आहे, माझंच जरासं चुकतंय. तो उद्या परत येतो. तू छान लिहितेस. असंच लिही."

ते वाक्य मी आजवर अनेकदा उलटून पाहिलं आहे. तक्त्याप्रमाणे खेळलं की वाटणारीची आघाडी केसाएवढी होते. पण केस उरतोच, आणि माणूस बसूनच राहिला तर तेवढा पुरतो. बळीराम माझ्या वाक्यांमुळे गुलामाच्या नादातून सुटला. त्याचं चुकणं कमी झालं. आणि तो आधीपेक्षा जास्त वेळ बसू लागला. मी त्याला शहाणं केलं की अडकवलं? गणित खरं होतं. भाषा खरी होती. विम्याबद्दलचा सल्ला तर खराच होता. सगळे तुकडे खरे असताना एकूण काहीतरी खोटं कसं तयार होतं? हे कुठल्याच पत्रकात मी वाचलेलं नव्हतं.

त्यातच आमच्या मराठी टेबलानं पुण्याला कोड्यात टाकलं. इथले लोक एकदा बसले की उठत नव्हते. बाकी भाषांचे लोक डाव संपला की जायचे. सरांनी कारण शोधायला सांगितलं. मी चॅट वाचलं. त्या टेबलावर बळीराम होता, गंगाधरराव होते आणि डोंगरकड्याच्या मथुराबाई होत्या. मथुराबाई आरोग्य उपकेंद्रातून निवृत्त झालेल्या नर्स. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे.

बळीराम लिहीत होता, "मला म्हशी पान्यावर न्यायच्यात. कोन बसतंय का माज्या जागी?"

गंगाधरराव: "पावनं कुनी येईस्तोर दम धरा."

सिस्टर: "अरे म्हशी तहानल्या असतील. जा की."

बळीराम: "डाव मोडून कसा जाऊ सिस्टर? तुमीच सांगा."

मी हसले, आणि मग हसू थांबलं, कारण मला ते कळलं. आपल्याकडं माणूस पत्ते शिकतो ते मेंढीकोटावर. चौघं, दोन-दोन भिडू. मधेच एक उठला तर तिघांच्या हातातले पत्ते वाया आणि त्याचा भिडू तोंडघशी. म्हणून लग्नाच्या मांडवात असो की पोळ्याच्या दुपारी, उठायचं असेल तर बदली बसवायची. आपले पत्ते त्याच्या हातात द्यायचे, मग चप्पल घालायची. हे आम्हाला कुणी शिकवत नाही, आम्ही ते बघत मोठे होतो. या लोकांनी तीच रीत परक्या टेबलावर नेली होती. तिथं भिडू कुणीच नव्हता. उठलं तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. तरी बळीरामच्या म्हशी तहानलेल्या.

सरांनाही ते चॅटवरूनच उमगलं. त्यांनी लगेच वाक्य मागितलं: 'भिडूंना सोडून जाऊ नका, जागा भरेपर्यंत थांबा.'

मी म्हटलं, "हे मी लिहिणार नाही."

"का?"

"भिडू नाहीतच तिथे. हे खोटं आहे."

"मग खरं काय ते लिही."

मी लिहिलं: 'निवांत उठा. तुमच्यावाचून डाव अडत नाही.' उठायच्या बटणाशेजारी ते लावलं गेलं. मला वाटलं, पहिल्यांदाच आपण एक पत्रक शत्रूच्या भिंतीवर चिकटवलं. पुढच्याच आठवड्यात सरांचा फोन आला. ते अभिनंदन करत होते. लोक आधीपेक्षाही जास्त वेळ बसत होते.

का, ते मला सिस्टरांनी सांगितलं.

कुणी खातं बंद करायचं म्हटलं की तो फोन आमच्यातल्या एकाकडं यायचा. आधी बक्षीस देऊ करा, मग सुट्टी घ्या म्हणा, मग जुन्या जिंकलेल्या डावाची आठवण काढा आणि तरीही नाहीच ऐकलं तर बंद करा, असा क्रम होता. त्याला ऑफिसात 'काळजी घेणं' म्हणायचे. एका दुपारी फोन उचलला तर सिस्टर.

"ते वाक्य कोन लिवलं गं? तुमच्यावाचून अडत न्हाई म्हनून?"

"मी लिहिलं, मावशी."

"घरच्या मानसाला असं म्हनतेत व्हय? बळीराम तर पेटला. म्हनला, आमच्यावाचून अडत न्हाई काय? मंग आता उठतच न्हाई."

 तेवढ्यात त्यांचा आवाज बदलला. "ते जाऊ दे. माजं खातं बंद कर."

मी क्रमातलं काहीच म्हटलं नाही. विचारलं, "काय झालं?"

"सून बाळंतपनाला टेकलीया. काल मागच्या खोलीतून हाक मारली तिनं. मी म्हनले, डाव होऊ दे. पोटात नुसती कळ आली व्हती, राहिली. पन माय, मी सगळी नोकरी अशी केली, की बाळंतीन आली की हातातला घास टाकून उठायची. उपकेंद्रात आमी बी पत्ते खेळायचो. बाळंतीन आली की माजे पत्ते आयाच्या हातात. काल मी उठले न्हाई."

"मी आत्ता बंद करते."

"आन् माज्या जागी कोन बसंल?"

"कुणी नाही बसलं तरी चालतं, मावशी. ते यंत्र आहे."

"ते तुला चालतं. बळीराम आन् गंगाधरराव काय म्हनतील? सिस्टर डाव टाकून पळाली म्हनतील." आणि लगेच, "तू बस की. तू बस, मंग मी उठते."

मी खूप समजावलं. भिडू नसतात, रांग नसते, जागा आपोआप भरते. शिकलेल्या बाई, इंजेक्शनचा डोस तोंडपाठ असणाऱ्या, माझा तक्ता माझ्याहून बिनचूक खेळणाऱ्या. त्यांना यातलं सगळं कळत होतं. तरी उठता येत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, रविवारी येते. गिऱ्हाइकाच्या घरी जाणं आम्हाला मना होतं. वसमतहून डोंगरकडा काही लांब नाही.

ओसरीवर स्टीलच्या तांब्याला टेकून फोन उभा केलेला होता. भिंतीवर लसीकरणाच्या तक्त्याशेजारी माझी वाक्यं चिकटवलेली. ती पाहून मला आनंद झाला, आणि झाला म्हणून राग आला. सिस्टर सरकल्या. "ये, बस. डाव चालू हाय. सोळा हायेत आपले, तिची दश्शी."

"मावशी, आम्हाला खेळायची बंदी आहे."

"खेळ कुठं म्हनले मी? बस म्हनले. आया काय खेळायची व्हय? पत्ते धरून बसायची."

मी बसले. पडद्यावरची वेळ संपत चालली होती.

"आता घे की. रडत रडत घे, तूच लिवलंय."

मी बटण दाबलं. पंजी आली. एकवीस.

गंगाधररावांनी लिहिलं, "वा सिस्टर वा!" बळीरामनं लिहिलं, "गुलाम नसताना!" वाटणारीनं तिचा झाकला पत्ता उघडला तर ती एकोणीसवर. सिस्टरांनी टाळी वाजवली. "काय हात हाय पोरीचा! अजून एक डाव बस. मंग बंद करू."

मी वर्षभर हा खेळ लिहीत होते, पण खेळले कधी नव्हते. त्या पंजीनं माझ्या छातीत काय हललं ते मला इथं लिहिता येत नाही. मला अजून एक डाव हवा होता. तो सिस्टरांसाठी होता असं मी म्हणू शकते, पण तसं नव्हतं. पुढचे पत्ते आले आणि मी ते बघू लागले.

आतून सुनीता, त्यांची सून, चहा घेऊन आली. एक हात कमरेवर. "आत्याबाई, पावन्यायला चहा."

सिस्टरांनी कप घेतला आणि त्यांची नजर खाली गेली. "पाय सुजलेत तुजे."

"व्हय."

"कधीपासून?"

"परवा सांगितलं व्हतं की तुमाला. तुमी हं म्हनले."

सिस्टरांनी कप खाली ठेवला. वाकून त्यांनी सुनीताच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो तसाच राहिला. "डोकं दुखतं का?" "दुखतंय." "डोळ्यापुढं अंधारी?" सुनीतानं मान हलवली. सिस्टर उठल्या. कुणाला बदली बसवलं का, फोन कुणाकडं आहे, काही पाहिलं नाही. आतून रक्तदाब बघायचं यंत्र आणलं, सुनीताला बाजेवर बसवलं, पट्टा बांधला आणि मग मुलाला मोठ्यानं हाक मारली, "गाडी काढ रे. नांदेडला जायचं. आत्ताच."

मी तिथंच बसलेली, हातात फोन. आता बदली मीच होते. मला कोण उठवणार?

मी चॅटवर लिहिलं, "सिस्टर उठल्या. मी त्यांच्या घरून बोलतेय. सुनेला दवाखान्यात नेतायत. मीही उठतेय. जागा रिकामी राहील."

बळीराम: "काहून, काय झालं?"

"बीपी वाढलंय."

गंगाधरराव: "मंग बसल्या कशाला, जा ना. हितली काळजी करू नका."

बळीराम: "आमी बी उठावं का?"

"उठा, दादा."

बळीराम: "गंगाधरराव, तुमी आधी उठा."

गंगाधरराव: "न्हाई, आधी तुमी. तुमच्या म्हशी हायेत."

त्यांच्यात आधी कोण उठलं, कुणी उठलं का, मला माहीत नाही. मी खातं बंद करायला गेले. ते बटण कुठं लपवलंय हे मला ठाऊक होतं. दाबलं की पडदा विचारतो, खरंच जाताय? मग म्हणतो, थोडी विश्रांती घेऊन परत या ना. मग म्हणतो, तुमची आठवण येईल. ही सगळी वाक्यं माझी होती. गाडी सुरू झाली होती, सिस्टर मागच्या सीटवर सुनीताचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि मी अंगणात उभी राहून माझ्याच गोड मराठीशी भांडत होते.

सुनीता वाचली. मुलगी झाली, तीही ठीक आहे.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं, काढून टाकतील. ते म्हणाले, "रेणुका, हे लिहून देशील? आमची माणसं तुमच्या घरची माणसं, असं काहीतरी. लोकांचा विश्वास किती वाढेल!"

मी म्हटलं, "सर, यापुढे मी एकही वाक्य लिहिणार नाही. मला फक्त खाती बंद करायच्या फोनवर बसवा. क्रम पाळणार नाही, मागितलं की बंद करीन."

त्यांनी हो म्हटलं. का म्हटलं तेही सांगितलं. "तू बंद केलेली माणसं आपल्यावर चिडून जात नाहीत. अशीच माणसं कधीतरी परत येतात." मी फोन ठेवला. ज्या दारातून बाहेर पडायचं तेही आत उघडत असेल, तर माणसानं करायचं काय? तरी मी फोनवर बसले. जेवढी बंद करता आली तेवढी केली. पुढे पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, ऑफिस बंद झालं आणि आमच्या दोन खोल्यांत आता हळदीची पोती आहेत. अप्पांनी बंदीच्या स्वागताचं पत्रक छापलं. मुद्रितं मीच तपासली. त्यात 'कदाचित' नव्हतं. मला ते घालावंसं वाटलं, पण नेमकं कुठं घालू ते कळेना.

मागच्या महिन्यात सिस्टरांचा फोन आला. मागे बाळ रडत होतं.

"अगं, एक मेसेज आलाय. दुसरंच नाव हाय. ऐक. 'सिस्टर, राम राम. तुमची जागा राखून ठेवलीय. भिडू वाट बघून राहिलेत.'"

 साइट दुसऱ्या नावानं परत आली असणार. पण हे वाक्य पुण्यात बसून कुणी लिहू शकत नाही आणि मीही लिहिलेलं नाही. आपल्याच भागातल्या कुणीतरी, माझ्यासारख्याच चांगल्या मराठीच्या पोरानं किंवा पोरीनं ते लिहिलंय. त्यांनाही वाटत असेल, आपण आपल्या भाषेचं काम करतोय.

"मावशी, कुणी वाट बघत नाही. यंत्र सगळ्यांना हेच पाठवतं."

"ते ठाव हाय मला. पन वाचलं की जीव वढतो ना." बाळ आणखी जोरात रडायला लागलं. "जाऊ न्हाई ना?"

"जाऊ नका."

"बरं," त्या म्हणाल्या. फोन ठेवताना त्या बरं कशाला म्हणाल्या, मला सांगता येणार नाही. मी रोज त्यांना फोन करते. आजपर्यंत त्या गेलेल्या नाहीत. उद्याचं मला माहीत नाही.

यंत्राला मी हरवू शकत नाही, कायदा त्याचं काम करील तेवढं करील. पण ते ज्या धाग्याला धरून ओढतं तो धागा आपल्या घरातला आहे, आणि तेवढ्यापुरतं आपल्याला काही करता येतं. म्हणून एक विनंती. या दिवाळीत तुमच्या घरी पत्ते निघतील. चौघं मेंढीकोटाला बसाल. डाव रंगात असताना त्यातला एक उठेल. लेकरू रडलं म्हणून, नाहीतर नुसतंच कंटाळा आला म्हणून. त्याला 'बदली बसव' म्हणू नका. 'एवढा डाव होऊ दे' म्हणू नका. त्याच्या हातातले पत्ते घ्या, कॅट पुन्हा पिसा आणि उरलेले तिघं पाच-तीन-दोन खेळा. आणि तो परत आला नाही, तर त्याला हाक मारू नका.